८७० मेंढ्या आणि आईची गोळी

आईची थायरॉईडची गोळी सुरू होऊन वर्ष झालं. त्याआधीची दीड-दोन वर्षं मात्र घरातले आम्ही सगळे आंधळे होतो. ऐन मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची (पुण्यात!). आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, केस गळतायत, पोट साफ नाही, सांगितलेलं विसरते. प्रत्येकाला आमच्याकडे वेगळं कारण तयार. "वय झालं", "रिटायर झाल्यावर असंच होतं". एकाच बगची सहा तिकिटं उघडायची आणि सहाही न बघता बंद करायची, तसला प्रकार. शेवटी एकदा टीएसएच तपासलं, तेव्हा उलगडा झाला.

मग एका शनिवारी वाचत बसलो. ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची, हे पहिल्यांदा कळलं कुणाला?

१८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल या डॉक्टरने एक निबंध वाचला. विषय, पाच बायका. हळूहळू मंदावत गेलेल्या, अंगाने सुटलेल्या, चेहरा गोल, बोलणं जीभ तोंडात मावत नसल्यासारखं. कारण त्यालाही सापडलं नाही, पण हे 'वय झालं' नव्हे एवढं त्याने ओळखलं. पुढे १८७८ मध्ये विल्यम ऑर्डने त्याला मिक्सीडीमा असं नाव दिलं.

खरा धागा सापडला तो स्वित्झर्लंडमध्ये, तोही चुकून. तिथे गलगंड फार. बर्नचा सर्जन थिओडोर कोखर त्याच्या ऑपरेशनमध्ये एकदम निष्णात. त्याने आपले जुने पेशंट परत बोलावून तपासले. ज्यांची थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली होती ते जवळजवळ सगळे थकलेले, सुजलेले, मंद झालेले! मॉड्यूल उडवल्यावर कळावं की ते काय काम करत होतं, तसं. १८८३ मध्ये त्याने हे स्वतःहून जाहीर केलं. मला त्याच्या १९०९ च्या नोबेलपेक्षा हेच मोठं वाटतं. आपल्याकडे प्रोजेक्ट डिलिव्हर झाल्यावर कोण परत विचारायला जातं?

उपायाला फार वेळ लागला नाही. १८९१ साली इंग्लंडमध्येच जॉर्ज मरे याने एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. नंतर तोच अर्क ती पोटात घेऊ लागली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

आईला हे सांगितलं. "अरे बापरे, एवढ्या मेंढ्या!" म्हणाली. तिची स्वतःची तक्रार एकच आहे, गोळी घेतल्यावर अर्धा तास चहा मिळत नाही.