धरणांच्या फुगवट्यामागचा मुलूख : एकट्याची पायपीट

वारजे माळवाडीतून पश्चिमेस जाणारा रस्ता शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे ही दाट वस्ती मागे टाकून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीपाशी पोहोचतो. पुढे बहुलीच्या दिशेने कुडजे, सांगरुण ही गावे लागतात आणि डोंगरांच्या कुशीत शिरलेले पाणी दिसू लागते. पुण्याची तहान भागविणारी चार धरणे याच टापूत आहेत. मुठेवर खडकवासला व टेमघर, आंबीवर पानशेत, तर मोसे नदीवर वरसगाव. साठवण क्षमता अनुक्रमे १.९७, ३.७१, १०.६५ आणि १२.८२ टीएमसी. पाठीवर सॅक घेऊन एकट्याने तीन-चार दिवस चालावे असा वारज्याला याहून जवळचा सरोवरांचा मुलूख नाही.

'सरोवर' हा शब्द मात्र सरकारी. पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर आणि वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव असले, तरी गावकरी म्हणतात 'फुगवटा' किंवा नुसते 'धरणाचे पाणी'. या पाण्याखाली त्यांची शेते गेली आहेत. शेजारच्या मुळशी खोऱ्यात तर टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला होता. एकट्या पाहुण्याने 'किती सुंदर तळे' असे उद्गार काढण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. बांधकाम पुरते झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडविले गेले होते. खचू लागलेला भराव सावरण्यासाठी लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली, पण ती पुरली नाहीत. त्या लोंढ्याने त्याच दिवशी एकोणिसाव्या शतकातले खडकवासला धरणही फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आज दिसतात ती दोन्ही धरणे नंतर पुन्हा उभारलेली आहेत.

चालण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाटमाथ्यावर एकट्याने जाणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी परिसरात २४ तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. अशा दिवशी ओढे तासाभरात चढतात, धुक्यात कड्याची कड दिसत नाही आणि हाक मारावी तर ऐकायला कोणी नसते.

उन्हाळ्यातला धोका निराळा आहे. पाणी ओसरले की काठाला रुंद सपाट पट्टा उघडा पडतो आणि चालण्यास सोयीचा वाटतो. वरून वाळून भेगाळलेला हा गाळ आतून ओला असतो. त्यात गुडघ्यापर्यंत रुतलेल्या माणसाला सॅकसह बाहेर पडणे कठीण जाते. सोबतीला कोणी असेल तर हात देता येतो, एकट्याला तीही सोय नाही. त्यामुळे जनावरांच्या खुरांच्या ताज्या खुणा असतील त्याच ढोरवाटेने जावे. पाण्यात उतरण्याचा मोह टाळावाच, कारण काठ एकदम खोल होतो. तंबूही पाण्यालगत ठोकू नये. वरच्या धरणांतून पाणी सोडले की खडकवासल्याच्या फुगवट्याची पातळी रात्रीतून वाढू शकते.

वाटांबाबत जुन्या नकाशांवर विसंबू नये. धरणांपूर्वीच्या पाहणीवर बेतलेल्या नकाशांतील कित्येक गाडीवाटा आज थेट पाण्यात उतरतात, तर काही गावे मूळ जागेवरून वर सरकली आहेत. फोनमधला नकाशा घरूनच उतरवून घ्यावा, कारण खोऱ्यांच्या आतल्या टोकाला रेंज भरवशाची नसते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे धनगरवाड्यावर विचारणे. 'पुढे पाणी कुठे?' हा पहिला प्रश्न असावा. एवढ्या जलाशयांच्या मुलखात डोंगरावर मात्र मार्चनंतर झरे आटतात.

ठरलेली वाट सांगायची तर पानशेतहून शिरकोलीमार्गे घोळ. घोळ हे घाटमाथ्यावरचे गाव असून तेथे जाणाऱ्या एसटीची वेळ पानशेतलाच विचारून घ्यावी. मुक्काम गावातल्या देवळात करावा, पण पुजाऱ्याला किंवा पोलीस पाटलाला सांगून. याला केवळ रीत म्हणून पाहू नये. एकटा माणूस आपल्या गावातून कुठल्या दिशेने गेला हे दोन घरांना ठाऊक असले, की तो न परतल्यास शोध कोठून सुरू करायचा ते कळते. घरीही रोजचा मुक्काम लिहून ठेवावा आणि ठरल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून पोलिसांना कळवायचे, तेही आधीच ठरवावे. तातडीसाठी ११२ क्रमांक आहे, आणि गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचे जाळेही महाराष्ट्रात आहे. मात्र पथक खोऱ्यात पोहोचेपर्यंत पहिले काही तास गावकरीच धावून येतात.

बिबट्याचा वावर या डोंगरांत आहे, म्हणून अंधार पडल्यावर चालू नये. आग्या मोहोळाखाली विस्तव पेटवू नये. प्रबोधिनीच्या हद्दीत आडवाटेने शिरण्यास मनाई आहे.

घोळपुढे कोकणदिवा किल्ल्याशेजारून कावल्या घाट खाली उतरतो. माथ्यावरून समोर रायगड दिसतो. उतार दाट झाडीचा असल्याने नवख्याने घोळहून वाटाड्या घ्यावा आणि घाट दुपारपूर्वी उतरावा. पायथ्याशी सांदोशी गाव लागते. तेथून महाडकडे जाण्यासाठी वाहन मिळेल की नाही, याची चौकशी आदल्या दिवशीच केलेली असावी.