कार्ल्याच्या फासळ्या आणि मापाचा माणूस

मळवलीला उतरून कार्ल्याचा डोंगर चढलो की एकवीरा आईच्या देवळाशेजारीच चैत्यगृह लागतं. आत शिरल्यावर आपण सगळे एकच करतो, मोबाइल वर धरतो. छताला कमानदार लाकडी फासळ्या आहेत, जवळजवळ २,००० वर्षं जुन्या. छत अखंड कातळाचं, त्यामुळे त्यांच्यावर भार असा नाहीच.

आता समजा, चौकटीत फक्त या फासळ्याच घेतल्या. खांब नाहीत, स्तूप नाही, जमीन नाही. कोणी म्हणेल बरगड्या, कोणी म्हणेल पालथी होडी. छायाचित्र अमूर्त होऊ लागतं ते इथे. चित्रकार मनातून रेघ काढू शकतो. कॅमेऱ्यासमोर मात्र वस्तू लागतेच. ती असतेच, जातं ते तिचं नाव आणि तिचं माप. पॉल स्ट्रँडने १९१६ साली ओसरीवरच्या सावल्या टिपल्या, नसरीन मोहम्मदींनी मागावरचे ताणलेले धागे, ते हेच. (लोणावळ्याच्या धुक्याचा फोटो मात्र आम्ही यात धरत नाही. ‘टायगर पॉइंटला गेलो, दरी दिसलीच नाही’ हे त्याचं नाव ठरलेलंच असतं!)

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्यानंतरच्या दशकांत लेण्यांचे जे फोटो काढले गेले, त्यांचं काम नेमकं उलट होतं, नाव आणि माप पक्कं करायचं. म्हणून खांबापाशी पुष्कळदा एक माणूस उभा करत. काचेच्या ओल्या प्लेटचा तो काळ, त्यात लेण्यातला अंधार. बराच वेळ त्याने हलायचं नाही. खाली नाव लिहिलं जाई ते लेण्याचं. त्या माणसाचं सहसा नाही.

आणि इकडे कार्ल्याच्या खांबांवर दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. धेनुकाकटचे लोक, त्यांत यवनसुद्धा. खांब देणाऱ्याचं नाव २,००० वर्षं टिकलं, आणि दीडशे वर्षांपूर्वी लेण्यात खांबाशेजारी उभा राहिलेला माणूस फूटपट्टी होऊन गेला.

मग दोन्हींत जास्त अमूर्त फोटो कुठला? आमच्या मते दुसरा. फासळ्यांचं नाव आपण हौसेने पुसलं होतं, चार पावलं मागे सरकलो की ते परत दिसतं. असा जुना फोटो समोर आला तर खांबाची उंची राहू द्या. त्या माणसाने डोक्याला काय बांधलंय, पायात काही आहे की अनवाणी आहे, हातात काय दिलंय, ते आधी बघा.