टाचदुखी : हाडाला दोष देण्याआधी पायातली चप्पल बघा

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. चार पावले चालल्यावर जरा बरे वाटते. दुपारी थोडा वेळ बसून उठले की परत तेच. चाळिशी ते साठीच्या दरम्यान ही तक्रार फार आढळते. डॉक्टर याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. पायाची कमान तो धरून ठेवतो. झेपेल त्यापेक्षा जास्त ताण रोजच पडत राहिला की टाचेला जिथे तो चिकटलेला असतो तिथे झिजतो आणि दुखू लागतो. रात्रभर पाय सैल असताना पट्टा आखडतो, म्हणून पहिल्याच पावलाला कळ जास्त.

‘टाचेचे हाड वाढलंय’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. एक्स-रेमध्ये काटा दिसतो हे खरे, पण टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांनाही असा काटा असतो. त्यामुळे एक्स-रेचा कागद बघून ऑपरेशनची धास्ती घेण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा टाच दाबून आणि विचारपूस करूनच निदान होते.

त्रास कुणाला जास्त? दिवसभर उभे राहणाऱ्यांना. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातले मागावरचे कामगार, शिक्षक, दुकानातले सेल्समन, ओट्यासमोर तासन्‌तास उभ्या असणाऱ्या बायका. वजन वाढलेले, पोटऱ्या आखडलेले, पाय सपाट किंवा कमान फार उंच असलेले लोकही यात येतात. एरवी फारसे न चालणारा माणूस एकदम वारीला निघाला, तर त्यालाही हे दुखणे गाठू शकते.

बाहेर जाताना महागडे बूट आणि घरात दिवसभर कडक फरशीवर अनवाणी, हा प्रकार सर्रास चालतो. जुन्या घरातली सारवलेली जमीन गेली, तिथे ग्रॅनाइट आणि टाइल्स आल्या. टाच दुखत असेल तर घरात वापरायला मऊ, जाड तळाची वेगळी चप्पल घ्यावी. देवघरात जाताना ती काढली तरी हरकत नाही, पण अंथरुणाशेजारी हवीच. मधुमेहींसाठी मिळणारी एमसीआर चप्पल अनेकांना यासाठी चालते. झिजून पातळ झालेली हवाई चप्पल मात्र टाकून द्यावी.

बूट संध्याकाळी घ्यावा, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांत घालून, उभे राहून बघावा. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. मग बूट हातात घेऊन वाकवावा. बोटांपाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवावा. टाचेमागचा भाग दाबून बघावा, तो घट्ट हवा. टाच पुढच्या भागापेक्षा किंचित उंच असलेली बरी. कमानीला आधार हवा. आहे त्याच बुटात सिलिकॉनचे हील कप किंवा तयार इनसोल घालून बघणे स्वस्त पडते. माप देऊन बनवलेले महागडे इनसोल बहुतेकांना तयार इनसोलपेक्षा फार जास्त फायदा देत नाहीत, त्यामुळे आधी तयार घ्यावेत.

आता कोल्हापुरीचा प्रश्न. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्ह्यांची. अथणी-निपाणीकडच्या कारागिरांचे हात तिच्यामागे आहेत. अभिमान आहेच. पण सपाट, कडक चामड्याचा तळ दुखऱ्या टाचेला मानवत नाही. लग्नाकार्यात तास-दोन तास घाला, रोजच्या वापराला दुखणे थांबेपर्यंत नको.

नुसत्या बुटाने भागत नाही. उठण्यापूर्वी अंथरुणातच पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा आकडे मोजावेत, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीला ताण द्यावा. पाण्याची बाटली गोठवून, टॉवेल गुंडाळून दहा मिनिटे तळव्याखाली फिरवावी. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर बर्फ किंवा गरम शेक, दोन्ही टाळावेत.

बहुतेकांना ऑपरेशनशिवाय बरे वाटते, पण काही महिने लागतात, कधी वर्षही. नेमका इथेच धीर सुटतो आणि माणूस इंजेक्शन मागतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. वारंवार घेतले तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. वेदनाशामक गोळ्याही अॅसिडिटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

टाचेला सूज किंवा लाली आहे, ताप आहे, मुंग्या येतात, रात्री झोपेतही ठणका लागतो, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की असह्य कळ येते, किंवा कमी वयातच दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही बराच वेळ आखडते, तर घरगुती उपाय थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी तळव्याची जखम एक दिवसही अंगावर काढू नये.