एका नावाची हकीकत

स्मरणिकेसाठी आपल्या गावाचा जुना इतिहास लिहावा, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. किल्ले आणि लढाया यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी एका नावाचा इतिहास लिहिते. उत्तन, डोंगरी, भाईंदर इकडच्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात, ते नाव.

ही मंडळी मूळची इथलीच. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी. 1534 साली वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला व पुढच्या दोनशे वर्षांत कित्येक घराण्यांचा धर्म बदलला. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांनी दिलेला धर्म आणि आडनावे राहिली. बोली मात्र मराठीच राहिली. लग्नातले उंबराचे पाणी राहिले, ओव्या राहिल्या, म्हाताऱ्या बायकांचे लुगडे राहिले. उन्हाळ्यात मिरच्या-धणे वाळवून, कुटून बाटलीत दाबून भरलेला त्यांचा मसाला वर्षभर टिकतो, हे ज्यांनी चाखले त्यांना सांगायला नको!

इंग्रजी अमलात मुंबईत रेल्वे, गोदी, कचेऱ्या निघाल्या. गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती लोक नोकरीसाठी येऊ लागले. सरकारदरबारी इथल्यांनाही ‘पोर्तुगीज’ म्हणत आणि गोव्याच्यांनाही. तेव्हा 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, इथल्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि त्या नावाची संस्था काढली. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या वेळेपासूनची इंग्रजांची प्रजा, तेव्हा नोकरीत आमचा हक्क आधी, हे सांगण्यासाठी.

आता पाहा, देव एक, देऊळ एक, प्रार्थना एक. तंटा पोटाचा होता. पण नाव वेगळे झाले की माणूस खुणा शोधू लागतो. त्यांचे बोलणे तसे, आपले असे. मी त्यांना दोष देत नाही. भाकरीला वाटेकरी आला की कोणाच्याही घरात हेच होते.

माझी लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकातले दोन प्रयोग तिने मला मराठीत समजावून सांगितले. 1954 साली अमेरिकेत शेरीफ नावाच्या प्राध्यापकाने बावीस मुलांचे दोन गट करून त्यांना रानात शिबिराला नेले. खेळांत बक्षिसांची चढाओढ लावताच मुले एकमेकांचे झेंडे जाळू लागली. दुसरा प्रयोग ताजफेल यांचा. यांचे बहुतेक आप्त नाझींनी मारले होते. त्यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना, तुम्हाला अमुक चित्रकार आवडतो, असे सांगून उगाच दोन गट पाडले. चढाओढ नाही, तंटा नाही, आपल्या गटात कोण आहे हेही ठाऊक नाही. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले. इतकेच नव्हे, आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्यांच्याहून जास्त मिळावे, असेही पुष्कळांनी केले. हे ऐकून मला जावाजावांतल्या साड्यांच्या वाटण्या आठवल्या. असो.

2025 साली मीरा रोडला काय झाले ते आपण पाहिलेच. मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, मग व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला, 8 जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला. इथे राहणाऱ्याने मराठी शिकावी, हे माझे ठाम मत आहे. पण त्या आठवड्यात भाजीबाजारात मी जे ऐकले त्यात भाषा थोडी आणि ‘हे लोक असेच’ हेच जास्त. दुकानदार एक, आणि नावे सगळ्या जातीला! तिकडेही आपल्याविषयी असेच बोलत असतील.

यंदा मंडळापुढे नवे सभासद घेण्याचा प्रश्न आहे. नव्या इमारतींतल्या गुजराती, मारवाडी, उत्तरेकडच्या बायका आल्या तर ‘आपले’ मंडळ राहील का, असे काही भगिनी विचारतात. शेरीफच्या मुलांना आधी एकत्र जेवू घातले, सिनेमा दाखविला, त्याने काही झाले नाही, भांडणे चालूच. मग पाण्याची टाकी बंद पडली आणि अन्नाची गाडी अडली, तेव्हा दोन्हीकडच्यांनी एकाच दोराने गाडी ओढली. असे प्रसंग थोडे झाल्यावर राग निवळला. म्हणून नुसत्या हळदीकुंकवाला बोलावण्यावर माझा फारसा भरवसा नाही. एप्रिलमध्ये मंडळ मसाले करून विकते, त्या कामात या बायकांना आणि उत्तनच्या ख्रिस्ती भगिनींना बरोबरीने घ्यावे, हिशेबही त्यांच्यासमोर मराठीत मांडावा, असा अर्ज मी चिटणीसबाईंकडे दिला आहे.