भूकंपमापकांसाठी वर्गणी

अणुचाचण्या थांबवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास वर्गात येतो तो करार, तारखा आणि नेत्यांची नावे घेऊन. त्यामागचा पैसा कुणाचा होता, हे सहसा कुणी विचारत नाही. या लेखात आपण तेच पाहणार आहोत, आणि तेही एका भूकंपशास्त्रीय प्रयोगाच्या निमित्ताने.

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. जमिनीखालच्या चाचण्या तेवढ्या सुटल्या. त्या चोरून केल्या तर कळणार कसे, हा प्रश्न होता. वर्षातून किती वेळा प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करू द्यायची यावर घोडे अडले. सोव्हिएत संघ तीनच्या वर जाईना आणि अमेरिका सातच्या खाली येईना. चार पाहण्यांच्या फरकापायी जमिनीखालचे स्फोट पुढे कित्येक वर्षे चालू राहिले!

६ ऑगस्ट १९८५ रोजी, हिरोशिमाला चाळीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवसापासून, गोर्बाचेव्ह यांनी एकतर्फी चाचणीबंदी सुरू केली. अमेरिकन सरकारची हरकत जुनीच होती: पडताळा घेता येत नाही. अशा वेळी नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही अमेरिकेतली एक बिनसरकारी पर्यावरण संस्था पुढे आली. तिचे भौतिकशास्त्रज्ञ टॉमस कॉक्रन आणि सोव्हिएत विज्ञान अकादमीचे उपाध्यक्ष येवगेनी वेलिखोव्ह यांच्यात बोलणी झाली. मे १९८६ मध्ये करार झाला. सोव्हिएत चाचणीक्षेत्राभोवती तीन आणि अमेरिकेतल्या नेवाडा चाचणीक्षेत्राभोवती तीन अशी भूकंपमापन केंद्रे उभारायची, आणि दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी मिळून काम करायचे. एका बाजूला महासत्तेची विज्ञान अकादमी आणि दुसऱ्या बाजूला वर्गणीवर चालणारी संस्था, असा हा विजोड करार होता.

अमेरिकन बाजूच्या या कामासाठी सरकारी तिजोरी उघडणार नव्हती. पैसा उभा राहिला तो खाजगी न्यास आणि देणगीदारांकडून. प्लाउशेअर्स फंड हा त्यांपैकी एक. सॅली लिलिएन्थल या शिल्पकार बाईंनी १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो सुरू केला होता. नावाचा अर्थ नांगराचे फाळ. तलवारी मोडून फाळ घडवण्याची बायबलमधली कल्पना त्यामागे आहे. लोकांकडून देणग्या गोळा करायच्या आणि अण्वस्त्रविरोधी कामाला द्यायच्या, ही त्याची पद्धत. अशा न्यासाला एक सवलत असते, ती आम्हाला महत्त्वाची वाटते. सरकारचे धोरण बदलण्याची वाट न पाहता त्याला पैसे देता येतात. करार मे महिन्यात झाला आणि जुलैमध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ कझाकस्तानातल्या कारकारालिन्स्क येथे यंत्रे मांडत होते.

तिथून सेमिपालातिन्स्कचे चाचणीक्षेत्र सुमारे दोनशे किलोमीटरवर होते. इतक्या जवळून अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिथला खडक प्रथमच ‘ऐकला’. हे ऐकणे का गरजेचे होते? टेबलाच्या एका टोकाला टिचकी मारा आणि दुसऱ्या टोकाला कान लावा. आता तीच टिचकी गादीवर मारून पाहा. नेवाडाखालचे प्रावरण तुलनेने तप्त आहे, ते लाटा शोषते. कझाकस्तानखालचा खडक जुना, थंड, कठीण. त्यातून लाटा फारशा न विरता जातात. म्हणजे तेवढ्याच ताकदीचा स्फोट कझाकस्तानात केला तर दूरच्या केंद्रावर तो मोठा भासणार. नेवाडाचे गणित जसेच्या तसे लावल्याने सोव्हिएत स्फोटांची ताकद फुगवून काढली जात होती, असे अनेक भूकंपशास्त्रज्ञ सांगत होते. आणि त्या आकड्यांच्या आधारावर, १९७४ च्या करारातली १५० किलोटनांची मर्यादा सोव्हिएत संघाने मोडली असा आरोप होत होता. भूगर्भातल्या तापमानाचा फरक राजकारणात लबाडीचा पुरावा म्हणून वापरला जात होता! नव्या नोंदींनी भूकंपशास्त्रज्ञांचे म्हणणे बळकट केले. शिवाय या कठीण खडकातून जलद कंपनांच्या लाटाही दूरवर पोचतात, म्हणजे लहान स्फोटही पकडता येण्याजोगे असतात, हे दिसले. १९८७ मध्ये तिथे दहा-वीस टनांचे साधे रासायनिक स्फोट करून यंत्रांची परीक्षाही घेतली गेली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. अमेरिकन सरकारने सोव्हिएत शास्त्रज्ञांना व्हिसा देताना अटी घातल्या. फेब्रुवारी १९८७ मध्ये सोव्हिएत चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. त्या वेळी यंत्रे बंद ठेवावी लागत, म्हणजे ज्यासाठी कान लावला तोच आवाज ऐकायचा नाही. खाजगी संस्थेने परराष्ट्र धोरणात नाक खुपसावे का, अशी टीकाही झाली. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. देणगीदाराला मतदार जाब विचारू शकत नाहीत. पण इथे देणगीतून निघाले ते कुणाचे मत नव्हते, कुणीही तपासून पाहावीत अशी मोजमापे होती.

सेमिपालातिन्स्क २९ ऑगस्ट १९९१ रोजी बंद झाले. चाळीस वर्षांत तिथे ४५६ चाचण्या झाल्या होत्या. त्याचे श्रेय भूकंपमापकांना देणे चुकीचे ठरेल. कझाकस्तानातल्या लोकांचे आंदोलन त्यामागे होते. मात्र १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी कराराला पडताळणीचे जाळे जोडले गेले ते भूकंपशास्त्राच्या भरवशावरच. ३२१ केंद्रांच्या या जाळ्यात भूकंपमापनाचीच १७० आहेत. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने केलेला, एक किलोटनही न भरलेला स्फोट या जाळ्याने पकडला. भारताने या करारावर सही केलेली नाही. पण दूरच्या स्फोटांची चाहूल घेणारी भूकंपमापकांची रांग आपल्याकडेही कर्नाटकात गौरीबिदनूर येथे १९६० च्या दशकापासून आहे.

करार अजून अमलात आलेला नाही, आणि रशियाने २०२३ मध्ये आपली मान्यता मागे घेतली. या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या खाजगी देणगीदारांपैकी एक असलेल्या मॅकआर्थर फाउंडेशनने त्याआधीच, २०२१ मध्ये, अण्वस्त्रविषयक अनुदाने थांबवण्याचे जाहीर केले होते. न्यासाला पैसे देताना सरकारची वाट पाहावी लागत नाही, तशी ते थांबवतानाही पाहावी लागत नाही.