संकेतस्थळावरील साप्ताहिक कार्यक्रमपत्रिका : स्क्रिप्टद्वारे निर्मितीची पद्धत

ग्रंथालये, नाट्यगृहे, महाविद्यालये आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळे यांच्या संकेतस्थळांवर ‘या आठवड्यातील कार्यक्रम’ असे एक पान बहुधा असते. ते हाताने बदलले जात असेल, तर पहिले काही महिने वेळेवर बदलते. पुढे जबाबदार कार्यकर्ता बाहेरगावी जातो आणि दिवाळी तोंडावर आली तरी पानावर गणेशोत्सवातील आरतीच्याच वेळा झळकत राहतात. असे शिळे पान कोऱ्या पानापेक्षा अधिक अपाय करते. कारण त्यावर विसंबून कोणीतरी दोन बस बदलून सभागृहापर्यंत येतो आणि दाराला कुलूप पाहून परततो. हे टाळण्यासाठी कार्यक्रमांच्या नोंदी एकीकडे ठेवून त्यांतून चालू आठवड्याचे पान एका छोट्या आज्ञावलीकडून, म्हणजे स्क्रिप्टकडून, तयार करवून घेण्याची पद्धत गेली तीन दशके रूढ आहे.

वेबच्या आरंभीच्या काळात हे काम प्रामुख्याने पर्ल या भाषेत होई. १९८७ मध्ये आलेली ही भाषा मजकुरावर प्रक्रिया करण्यात तरबेज होती, आणि १९९३ मध्ये पुढे आलेल्या सीजीआय या पद्धतीमुळे वाचकाने पान मागताच सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवून ताजे पान देणे शक्य झाले. आज पायथन, पीएचपी किंवा जावास्क्रिप्टचा वापर अधिक आढळतो. साप्ताहिक पानासाठी प्रत्येक भेटीला स्क्रिप्ट चालवण्याची गरज मात्र नसते. दिवसातून एकदा पान घडवून ते साध्या एचटीएमएल फाइलच्या रूपात ठेवले, तर सर्व्हरवरील भार कमी होतो आणि बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही.

या पद्धतीचा पाया म्हणजे नोंदींची फाइल. बहुतेक लहान संस्थांना त्यासाठी स्वतंत्र डेटाबेस लागत नाही. स्प्रेडशीटमधून काढलेली सीएसव्ही फाइल पुरेशी ठरते. तिच्यात दिनांक, आरंभाची वेळ, समाप्तीची वेळ, कार्यक्रमाचे नाव, स्थळ आणि स्थिती एवढे रकाने असले म्हणजे झाले. दिनांक आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहावा. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा क्रम असून त्याचे दोन लाभ आहेत. ‘०५/०६’ म्हणजे ५ जून की ६ मे, हा भारतीय आणि अमेरिकी रीतींमधील घोळ उद्भवत नाही. शिवाय अशा नोंदी केवळ मजकूर म्हणून लावल्या तरी कालक्रमाने लागतात. वेळेबाबतही हेच. ‘९:३०’ असे लिहिले तर मजकुराच्या क्रमवारीत सकाळचे व्याख्यान सायंकाळच्या ‘१८:००’ च्या नाटकानंतर येते. ‘०९:३०’ लिहिल्यास योग्य जागी येते.

मराठी नोंदींमध्ये आणखी दोन अडचणी हमखास येतात. पहिली लिपीची. एक्सेलमधून फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय न निवडता साधी सीएसव्ही निवडली, तर सारी देवनागरी प्रश्नचिन्हांत रूपांतरित होऊ शकते आणि मूळ मजकूर त्या फाइलमधून परत मिळवता येत नाही. दुसरी अंकांची. कोणी दिनांक देवनागरी अंकांत भरतो, कोणी आंतरराष्ट्रीय अंकांत. पायथन देवनागरी अंकांचे पूर्णांकात बिनतक्रार रूपांतर करते. जावास्क्रिप्ट मात्र ‘ही संख्या नाही’ असे उत्तर देते. पर्ल तर त्यांचे मूल्य शून्य धरून पुढे जाते. तिन्हींपैकी पर्लची शांतता सर्वांत धोकादायक म्हणावी लागेल. सबब फाइल वाचताना पहिल्याच पायरीवर सर्व अंक एका रूपात आणावेत आणि पानावर छापताना हवे तर पुन्हा देवनागरी करावेत.

यानंतरचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे : आठवडा कधी सुरू होतो? शाळेत आपण रविवारपासून वार मोजतो. आयएसओ मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो. संगणकीय भाषांतही एकवाक्यता नाही. जावास्क्रिप्ट आणि पर्ल रविवारला शून्य क्रमांक देतात, तर पायथनचे नेहमीचे वार-गणित सोमवारला शून्य मानते. शनिवार-रविवारी कार्यक्रम अधिक असणाऱ्या संस्थेने सोमवारपासून आरंभ करणे सोयीचे, कारण सुट्टीचे दोन्ही दिवस एकाच पानावर राहतात. सोमवार शोधण्याची रीत सोपी आहे. १४ जानेवारी २०२६ हा बुधवार. पायथनच्या मोजणीत त्याचा क्रमांक २. म्हणून दोन दिवस मागे गेले की १२ जानेवारी हा त्या आठवड्याचा सोमवार मिळतो. त्यात सात दिवस मिळवले की पुढील सोमवार. कार्यक्रमाचा आरंभ पहिल्या सोमवारच्या मध्यरात्री किंवा त्यानंतर, परंतु पुढील सोमवारच्या मध्यरात्रीपूर्वी असेल, तर तो या आठवड्यातला. अनेक स्क्रिप्ट शेवटची मर्यादा ‘रविवार’ अशी लिहितात आणि तिचा अर्थ रविवार ००:०० असा घेतला जातो. परिणामी रविवारचे सगळेच कार्यक्रम पानावरून गळतात. तक्रार येईपर्यंत ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आठवड्याचे क्रमांक छापणाऱ्यांनी वर्षाच्या सीमेवर सावध राहावे. आयएसओ मानकानुसार ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. त्यामुळे २०२६ चा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाला, आणि १ जानेवारी २०२७ हा शुक्रवार २०२६ च्या ५३ व्या आठवड्यात मोडतो. सामान्य वाचकाला या क्रमांकाचा उपयोग नसतो. ‘१२ ते १८ जानेवारी’ एवढे शीर्षक त्याला पुरते.

स्क्रिप्ट ठरावीक वेळी आपोआप चालवण्याचे काम लिनक्स सर्व्हरवर क्रॉन ही सुविधा करते. मिनिट, तास, महिन्यातील दिवस, महिना आणि वार अशा पाच रकान्यांत वेळ सांगावी लागते. येथे भारतीय वापरकर्त्यांची एक नेहमीची फसगत होते. पुष्कळ सर्व्हरांची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरच्या सोमवारी मध्यरात्री चालणारी स्क्रिप्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालते. तोवर पानावर सरलेला आठवडाच दिसतो. भारतीय सोमवारी ००:०५ वाजता पान हवे असेल, तर अशा सर्व्हरवर रविवारी १८:३५ ही वेळ द्यावी लागते. एवढ्याने भागत नाही. स्क्रिप्टमध्ये ‘आज’ कोणता दिवस हे विचारतानाही ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग स्पष्ट सांगावा लागतो. अन्यथा ती नेमकी रविवारच समजून मागचेच पान पुन्हा घडवते.

परदेशाशी जोडलेल्या ऑनलाइन कार्यक्रमांत हा भाग अधिक नाजूक होतो. न्यूयॉर्कमध्ये रविवारी सकाळी आठला भरणारा मुलांचा मराठी वर्ग पुण्यातील शिक्षिकेसाठी हिवाळ्यात सायंकाळी साडेसहाला असतो. ८ मार्च २०२६ पासून अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातात आणि तोच वर्ग भारतात साडेपाचला येतो. १ नोव्हेंबरपासून पुन्हा साडेसहा. अशा नोंदीत भारतीय वेळ कायमची लिहून ठेवू नये. कार्यक्रम ज्या गावच्या घड्याळावर चालतो त्या गावाचा कालविभाग लिहावा आणि रूपांतर स्क्रिप्टवर सोपवावे.

दर मंगळवारची भजनसंध्या, दर शनिवारचे संगणक वर्ग असे आवर्ती कार्यक्रम वर्षभरासाठी पन्नासदा लिहिणे कंटाळवाणे असते. त्यासाठी आयकॅलेंडर या मानकाची नियमलेखनपद्धती उपयोगी पडते. १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आणि २००९ मध्ये सुधारलेले हे मानक गूगल कॅलेंडर, ॲपल कॅलेंडर, आउटलुक अशा सर्वांना समजते. त्यात ‘दर आठवड्याला, मंगळवारी, अमुक तारखेपर्यंत’ असा नियम आणि ‘या तारखा वगळून’ अशी अपवादांची यादी देता येते. नियम लिहिण्यापेक्षा अपवाद वेळेवर नोंदवणे हेच खरे काम. २६ जानेवारीला सभागृह बंद राहणार हे स्क्रिप्टला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तिथीवर ठरणाऱ्या कार्यक्रमांना तर हा साप्ताहिक नियम लागूच होत नाही. संकष्टी चतुर्थी कोणत्याही वारी येते आणि चंद्रोदयाची वेळ प्रत्येक शहरात वेगळी असते. इंदूरच्या मंडळाने मुंबईची वेळ छापून चालत नाही. या तारखा स्थानिक पंचांगातून पाहून हातानेच भराव्यात, हे उत्तम.

पान कसे दिसावे याविषयी मतभेद आहेत. सात उभ्या रकान्यांचा तक्ता भिंतीवर शोभतो. मोबाइलच्या पडद्यावर तो वाचणे ही शिक्षा ठरते. दिवसागणिक मथळा आणि त्याखाली कार्यक्रमांची यादी ही मांडणी बहुसंख्य वाचकांना सोयीची आहे, दृष्टिहीन वाचकांच्या पडदावाचकालाही. वारांची नावे सर्व्हरच्या भाषा-व्यवस्थेतून मागवण्याऐवजी स्क्रिप्टमध्येच सात शब्द लिहून ठेवावेत. प्रत्येक सर्व्हरवर मराठी बसवलेली असतेच असे नाही. रद्द झालेला कार्यक्रम यादीतून काढून टाकू नये. ‘रद्द’ हा शब्द ठळकपणे जोडावा. नोंदच नाहीशी झाली तर काल ती पाहिलेला मनुष्य आपलेच काही चुकले असे समजून ठरल्या वेळी येऊन उभा राहतो. तसेच नोंदींतील मजकूर एचटीएमएलमध्ये घालण्यापूर्वी त्यातील कोनकंस आणि ‘अँड’ची खूण निष्प्रभ करून घेणे अनिवार्य आहे. बाहेरच्या व्यक्तींनी अर्जातून कार्यक्रम कळवण्याची सोय असेल, तर याच वाटेने घातक आज्ञा पानात शिरू शकतात.

शेवटची पायरी फाइल लिहिण्याची. स्क्रिप्टने चालू पानावर थेट लिहू नये. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण पान तयार करून मग तिचे नाव बदलावे, म्हणजे वाचकाला अर्धवट पान कधीच दिसत नाही. नोंदींची फाइल सापडली नाही किंवा वाचता आली नाही, तर जुने पान तसेच ठेवून व्यवस्थापकाला ईमेल जावा. फाइल ठीक असून त्या आठवड्यात खरोखरच काही नसेल, तर ‘या आठवड्यात कार्यक्रम नाहीत’ असे स्पष्ट छापावे. या दोन स्थितींत फरक न करणाऱ्या स्क्रिप्ट बिघाडाच्या दिवशीही निर्धास्तपणे ‘कार्यक्रम नाहीत’ असे जाहीर करतात. पानाच्या तळाशी ते कधी तयार झाले याची तारीख आणि वेळ असावी, सोबत कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांकही.