बाटली खालीच ठेवा

छातीच्या ऑपरेशनच्या वॉर्डात नातेवाइकांना पहिली तंबी मिळते ती औषधांची नसते, पथ्याचीही नसते. ‘बाटली वर उचलू नका,’ असं सिस्टर जाता-येता बजावत असतात. कॉटच्या खाली, चपलांच्या शेजारी ती उभी असते. पेशंटच्या बरगड्यांमधून निघालेली बोटाएवढी नळी तिच्यात उतरते आणि नळीचं टोक आतल्या पाण्यात बुडालेलं असतं. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं, खोकला आला की बुडबुडे निघतात. बायपास झालेले आजोबा असोत, मोटारसायकलवरून पडून बरगड्या मोडलेला पोरगा असो की टीबीमुळे छातीत पू झालेली बाई असो, बाटलीचं तत्त्व सगळ्यांना एकच. डॉक्टर म्हणतात ‘आयसीडी टाकली’. बाकीचे सगळे नुसतं ‘बाटली’ म्हणतात.

हृदयाच्या आणि छातीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना लोक मोठमोठ्या यंत्रांपासून सुरुवात करतात. मला विचाराल तर सुरुवात या बाटलीपासून करावी.

कारण मूळ अडचणच अशी होती. पोट उघडून तासभर ठेवता येतं, छाती ठेवता येत नाही. फुप्फुस स्वतःच्या ताकदीने फुगत नाही. ताणलेल्या रबरासारखी त्याची ओढ कायम आत मिटण्याकडे असते. ते बरगड्यांना लागून फुगलेलं राहतं, कारण त्याच्यावरच्या आणि छातीच्या आतल्या अस्तरामध्ये नावापुरता ओलावा असतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. बरगड्या पसरल्या की फुप्फुस मागोमाग पसरतं. या फटीला बाहेरून भोक पडलं की हवा आत घुसते आणि फुप्फुस मिटतं. त्यातही दोन फुप्फुसांच्या मधली भिंत पक्की नसते, ती पडद्यासारखी हलते. त्यामुळे एका बाजूच्या भोकाने दुसऱ्या बाजूचाही श्वास अडतो. म्हणूनच शल्यविशारद पोटात बिनधास्त शिरू लागले तरी छातीची वेस ओलांडायला धजत नव्हते.

पण छातीत साचलेला पू कुणाच्या धजावण्याची वाट पाहत नाही. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत त्याच्यावरचा इलाज सविस्तर दिला आहे. रुग्णाला बसवायचं, खांदे धरून हलवायचं आणि कोणत्या बाजूला डुचमळल्याचा आवाज येतो ते कान देऊन ऐकायचं. मग त्या बाजूला बरगड्यांच्या मध्ये छेद घ्यायचा किंवा बरगडीलाच भोक पाडायचं. पू एकदम नव्हे, थोडाथोडा काढायचा, भोकात कापडाची वात ठेवायची आणि पुढे कथलाची पोकळ नळी बसवायची. रुग्ण यातून वाचतही. हे वैद्य पू पिकायला दिवस जाऊ देत, तोवर फुप्फुस आजूबाजूला चिकटून बसलेलं असे आणि भोक पडलं तरी मिटत नसे. कारण ठाऊक नव्हतं, पण उशीर पथ्यावर पडत होता.

पुढची बावीस-तेवीस शतकं या कामात फारशी प्रगती झाली नाही. पॅरिसचे विख्यात सर्जन द्युपुत्रें १८३५ मध्ये याच विकाराने गेले. सर्जनच्या हातून मरण्यापेक्षा देवाच्या हातून मेलेलं बरं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यांनी ऑपरेशन नाकारलं, असं सांगतात. ऑपरेशनचे निकाल त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

पाण्याची युक्ती पुढे आली ती १८७०च्या दशकात. लंडनच्या प्लेफेअर यांनी नळीचं टोक पाण्याखाली ठेवून पाहिलं होतं. पण पद्धत म्हणून ती रुजवली गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी. हे हँबर्गचे. गंमत म्हणजे ते सर्जन नव्हते, औषधं देणारे फिजिशियन होते. १८७५ पासून ते ही रीत वापरत होते. सविस्तर लेख मात्र १८९१ मध्ये आला. बरगडी कापून मोठं तोंड करण्याऐवजी ते एक जाड पोकळ सुई खुपसत, तिच्यातून रबरी नळी आत सरकवत आणि नळीचं दुसरं टोक खाली जमिनीवर ठेवलेल्या भांड्यातल्या द्रवात बुडवत. जर्मन डॉक्टर अजूनही या नळीला ब्यूलाऊंच्याच नावाने ओळखतात.

ज्यांनी गुडगुडी पाहिली आहे त्यांना यातलं निम्मं कळलेलंच असतं. गुडगुडी ओढली की धूर पाण्यातून बुडबुडत वर येतो. इथे ओढायचं नाही, सोडायचं. खोकताना किंवा श्वास सोडताना छातीतला दाब वाढतो. हवा आणि पू नळीतून खाली येतात आणि पाण्यातून बाहेर पडतात. श्वास घेताना छाती उलट ओढते, पण नळीच्या तोंडाशी हवा नसतेच, पाणी असतं. ते काही सेंटिमीटर वर चढतं आणि परत उतरतं. बाटली छातीच्या दोन-तीन फूट खाली असल्यामुळे ते वरपर्यंत कधीच पोहोचत नाही. सिस्टरच्या तंबीचं मर्म हेच: बाटली छातीच्या वर गेली की तेच पाणी, पुवासकट, उलटं आत उतरेल. नळी पाण्यात किती बुडवायची यालाही हिशेब आहे. ती साधारण दोन सेंटिमीटर बुडालेली असते. जास्त बुडाली तर बाहेर पडणाऱ्या हवेला तेवढं पाणी ढकलावं लागतं, आणि आधीच थकलेल्या माणसाला दोन सेंटिमीटरही जड जातात.

झडप नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही. शिवाय नळीतल्या उतरत्या द्रवाची ओढ मिटलेल्या फुप्फुसाला हळूहळू उलगडते. ब्यूलाऊंना खरं महत्त्व या ओढीचं वाटत होतं.

सर्जन मंडळींना हे पटायला वेळ लागला. पू दिसला की ऐसपैस वाट करून द्या, हा त्यांचा जुना नियम, आणि गळवापुरता तो बरोबरच. दरम्यान १९०४ मध्ये ब्रेस्लाऊला झाउअरब्रुख यांनी कमी दाबाची आख्खी खोलीच बांधली. रुग्णाचं डोकं बाहेर, धड आत आणि सर्जनही आतच. कल्पना अफाट होती, पण टिकली नाही. श्वासनळीत नळी घालून हवा भरणं कितीतरी सोपं निघालं. खोली आता इतिहासात आहे आणि बाटली कॉटखाली.

तिची बाजू खरी लावून धरली ती एका साथीने. १९१७-१८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या छावण्यांत गोवर आणि इन्फ्लुएन्झामागून स्ट्रेप्टोकॉकसचा न्यूमोनिया आला आणि धडधाकट जवानांच्या छातीत पातळ, पाण्यासारखा पू होऊ लागला. छावणीतले डॉक्टर नियमाप्रमाणे लगेच बरगडी कापून वाट मोकळी करत आणि जवान पटापट मरत. सरासरी दहातले तीन, काही छावण्यांत त्याहून जास्त. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीत एव्हर्ट्स ग्रॅहम नावाचे तरुण सर्जन होते. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की जवान केवळ पुवामुळे नव्हे, भोकामुळेही मरत होते: पू पातळ असताना फुप्फुस अजून चिकटलेलं नसतं. आधी सुईने उपसत राहा, बाहेरची हवा आत येऊ देऊ नका, मोठी वाट पू दाट झाल्यावरच, असं ठरलं. व्हर्जिनियातल्या कँप ली इथे मृत्यूचं प्रमाण चार-साडेचार टक्क्यांवर आलं. नवं औषध एकही नव्हतं.

याच ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कॅन्सरसाठी एक आख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढलं. पुढे सिगारेट आणि कॅन्सरचा संबंध दाखवणाऱ्या १९५०च्या प्रसिद्ध अभ्यासातही ते होते. स्वतः बरीच वर्षं ओढलेली. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले. त्यांचा तो रुग्ण त्यांच्या मागेही काही वर्षं जगला.

पुवासाठी आलेली बाटली ऑपरेशनच्या कामी आली ती ग्रॅहम यांच्या त्या ऑपरेशनच्या थोडी आधी. फुप्फुसाचा तुकडा काढला की कापलेल्या कडेतून काही दिवस हवा आणि रक्त झिरपतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरल्ड ब्रन यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑपरेशनांत तुकडा काढून छाती शिवली आणि आत बंद नळी ठेवली. सहा रुग्णांपैकी एक दगावला. त्या काळात असा निकाल कुणी पाहिला नव्हता. नंतर हृदयाची ऑपरेशनं सुरू झाली तेव्हा नळी हृदयाभोवतीही आली. तिथे हवेपेक्षा रक्ताची भीती मोठी. साचलेलं रक्त हृदयाला बाहेरून आवळतं. म्हणून बायपासच्या रात्री बाटलीत येणारं रक्त अचानक थांबलं तर नातेवाईक हुश्श करतात आणि डॉक्टर धावत येतात. नळीत गुठळी अडकलेली असू शकते.

एका बाटलीच्या पुढे तीन बाटल्या झाल्या. एकीत पू-रक्त साचतं, म्हणजे दुसरीतल्या पाण्याची पातळी बदलत नाही, आणि तिसरी यंत्राने ओढायचा जोर आवरते. १९६७ मध्ये या तिन्ही एका प्लास्टिकच्या खोक्यात आल्या. मोठ्या हॉस्पिटलांत आता खोकंच दिसतं, पण त्याच्या आत तेच दोन सेंटिमीटर पाणी असतं. साध्या वॉर्डांत अजून बाटली भेटते, बाहेरून चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने तारीख-वेळ लिहिलेली.

चौथ्या-पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट येतात, तीन चेंडूंचं यंत्र फुंकायला नव्हे, ओढायला सांगतात आणि मग कॉरिडॉरमध्ये चालायला लावतात. बरगड्यांवर एक हात दाबून पेशंट पाऊल टाकतो. दुसऱ्या हातात, कंदील धरावा तशी, गुडघ्याच्या उंचीवर बाटली. मागून मुलगी येत असते, तिची नजर बापाच्या चेहऱ्यावर नाही, बुडबुड्यांवर असते.